स्विफ्ट डिझेलला घरीच बूस्ट मीटर बसवला, काटा उणे ०.९ वरून हलायलाच तयार नाही

मधला_भाऊ, सातारा

नमस्कार मंडळी.

गाडी स्विफ्ट व्हीडीआय, मार्च २०११ ची, जुन्या आकाराची. १ लाख ८६ हजार किमी झालेत. इंजिन तेच आपलं १२४८ सीसीचं मल्टिजेट, ७५ पीएस, १९० न्यूटन मीटर. ज्यांनी चालवलीय त्यांना सांगायला नको. १८०० आरपीएमपर्यंत गाडी झोपलेली असते आणि २००० ला कुणीतरी मागून धक्का दिल्यासारखी उठते. तो धक्का, म्हणजे टर्बो इंजिनात जास्तीची हवा दाबून भरतो तो दाब (बूस्ट), मला काट्यावर बघायचा होता. बाकी काही हेतू नाही, रिमॅप (कॉम्प्युटरमधून ताकद वाढवणं) वगैरे करायचं नाही, गाडी बाबांच्या नावावर आहे.

५२ मिमीचा साधा मेकॅनिकल मीटर मागवला. मागे पितळी निपल, त्यातून पाईप थेट इंजिनाकडे. वायरी फक्त आतल्या दिव्याच्या. वरच्या अंगाला बूस्ट ० ते २ बार (१ बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेएवढा दाब), खालच्या अंगाला व्हॅक्युम ० ते उणे १.

दोन रविवार घातले यात. पहिला रविवार फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) पाईप आत आणण्यात गेला. डॅशबोर्डखाली उताणं पडून पाय मागच्या सीटवर, तोंडात टॉर्च. आईने दोनदा येऊन विचारलं की गाडी बिघडलीय का. शेवटी वायरिंगच्या मोठ्या ग्रोमेटला (रबरी बुचाला) सळईने भोक पाडून ४ मिमीचा पाईप ओढून घेतला.

दुसऱ्या रविवारी इंजिनाची बाजू. मी जे चार-पाच व्हिडिओ पाहिले त्या सगळ्यांत एकच सांगत होते: व्हॅक्युमची नळी शोधा, कापा, मधे टी (तीन तोंडांचा जोड) टाका. बॉनेट उघडल्यावर सगळ्यात ठसठशीत नळी दिसली ती ब्रेकच्या मोठ्या काळ्या डब्याकडे जाणारी. व्हॅक्युम त्यातच असतो हे शाळेत असल्यापासून ऐकून आहे. कापली. एवढ्या जाडीचा टी गाडीच्या दुकानात मिळेना. मग आमच्या आल्याच्या वावरातला ठिबकचा १२ मिमीचा टी आणला, त्यावर ४ मिमीची मायक्रो ट्यूब बरोब्बर बसते. (हसू नका, फिटिंग एकदम टाइट बसलंय.)

गाडी चालू केली आणि काटा सरसर खाली गेला, उणे ०.९. मी खूश. व्हिडिओतही आयडलला (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) काटा खालीच असतो. मग यवतेश्वरच्या घाटाने कासकडे निघालो, दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस दिली. गाडी नेहमीसारखी ओढतेय, टर्बोची शिट्टी ऐकू येतेय आणि काटा उणे ०.९. रेस सोडली, उणे ०.९. घाट संपला, उणे ०.९. आता बोला.

मीटर खराब असेल म्हणून घरी आल्यावर पाईप काढून तोंडाने फुंकलं, तर काटा जेमतेम ०.१ ला गेला. सायकलचा पंप लावला तर १ बारच्या पुढे मस्त गेला आणि परत आला. म्हणजे मीटर ठीक. मग बूस्ट जातोय कुठे? टर्बो गेलाय का? पण गाडी तर ओढतेय.

उद्यमनगर_लेथ, कोल्हापूर

भावा, टर्बोला काही झालेलं नाही. तू चुकीच्या घरची बेल वाजवलीस.

तू पाहिलेले व्हिडिओ पेट्रोल गाड्यांचे. पेट्रोलला थ्रॉटलची झडप असते. आयडलला ती मिटलेली आणि खालून पिस्टन हवा ओढतायत, म्हणून मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्यात) उणे ०.६-०.७ बार व्हॅक्युम तयार होतो. ब्रेकच्या डब्याला, म्हणजे बूस्टरला, तोच पुरवतात. तुझं इंजिन डिझेल. डिझेलचा वेग हवा अडवून कमी करत नाहीत, डिझेल कमी सोडून करतात. त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये कामाचा व्हॅक्युम नसतोच, आणि ब्रेकसाठी इंजिनावर वेगळा व्हॅक्युम पंप बसवलेला असतो. तो तुझ्या टर्बोला ओळखतही नाही. इंजिन फिरतंय तोवर तो डबा रिकामा करत बसतो. तू घाटात चढ नाहीतर दारात उभा राहा, काटा तिथेच राहणार.

थोडक्यात, तू बूस्ट मीटर नाही, ब्रेक मीटर बसवलायस. आणि तो अगदी बरोबर चालतोय.

डिझेलवर नीट बसवलास तर आयडलला काटा शून्यावर किंवा शून्याच्या केसभर इकडेतिकडे दिसेल. व्हॅक्युमचं खालचं घर तुला कधी लागणारच नाही, त्या निम्म्या डायलचे पैसे फुकट गेले असं समज.

आता मुद्द्याचं. त्या मोठ्या नळीतून टी काढ. आज काढ. ठिबकचा टी पाणी बाहेर जाऊ नये म्हणून बनवलाय, हवा आत येऊ नये म्हणून नाही, आणि बॉनेटखालच्या उष्णतेत तर नाहीच. ब्रेकची नळी आहे लेका ती.

डेपो_निवृत्त, बार्शी

मधले भाऊ, कोल्हापूरकरांनी बरोबर सांगितले आहे. मी ३१ वर्षे एसटीच्या वर्कशॉपला काढली. आमच्याकडे एअर ब्रेक, तुमच्याकडे व्हॅक्युम, पण नियम एकच. ब्रेकच्या लाइनमधून दुसऱ्या कशालाही वाटा द्यायचा नाही.

काही विचारतो, त्याची खरी उत्तरे द्या. इंजिन बंद केल्यावर तुमच्या मीटरचा काटा उणे ०.९ वर किती वेळ थांबतो? त्या नळीत एकाच दिशेने हवा सोडणारा प्लास्टिकचा व्हॉल्व्ह आहे, तुमचा टी त्याच्या कोणत्या बाजूला आहे, पंपाच्या की डब्याच्या? आणि परवापासून ब्रेकचा पेडल पायाला कसा लागतो?

मधला_भाऊ, सातारा

काका, टी डब्याच्या बाजूला आहे. व्हॉल्व्ह नळीच्या मधेच दिसतो, त्याच्या पुढे कापलं.

तुमचं वाचून आत्ता खाली जाऊन बघितलं. गाडी चालू करून बंद केली आणि मोबाइलवर वेळ लावली. सहा मिनिटं वीस सेकंदांत काटा शून्यावर. डोळ्यांदेखत घड्याळाच्या काट्यासारखा वर येत होता.

पेडलचं म्हणाल तर काल सकाळी गाडी काढताना, चालू करायच्या आधी पाय ठेवला तर विटेवर ठेवल्यासारखा वाटला. मला वाटलं थंडीमुळे.

डेपो_निवृत्त, बार्शी

थंडीमुळे नाही, बाळा. ती गळती आहे.

चांगल्या डब्यात व्हॅक्युम रात्रभर राहतो. म्हणून तर सकाळी इंजिन बंद असतानाही पहिले एक-दोन ब्रेक मऊ लागतात. तुमचा सहा मिनिटांत संपतोय. इंजिन चालू असताना पंप ती गळती भरून काढतो, म्हणून तुम्हाला कळले नाही. पण घाट उतरताना इंजिन बंद पडले असते तर? एकदा-दोनदा ब्रेक लागला असता, मग त्याच विटेवर उभे राहून गाडी थांबवावी लागली असती. थांबते, पण पायात ताकद लागते आणि रस्ता लागतो. यवतेश्वरच्या उतारावर कठड्यापर्यंत किती रस्ता असतो हे तुम्हालाच माहीत.

तुमच्या त्या चुकीच्या मीटरने गळती पकडून दिली, एवढे उपकार माना त्याचे.

नळी अखंड नवीन टाका, व्हॉल्व्हसकट. कापलेली जोडू नका. टाकल्यावर अशी तपासा: इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, कडक होईल. मग पाय दाबून तसाच ठेवा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडा खाली बसला पाहिजे. बसला तर डब्याला व्हॅक्युम मिळतोय. नंतर इंजिन बंद करून अर्धा तास चहा प्या आणि पहिला ब्रेक दाबून बघा. मऊ लागला तर नळी, जोड आणि व्हॉल्व्ह तिन्ही ठीक. हे होईपर्यंत गाडी दारातून हलवू नका.

पुंटोवाली, पुणे

काकांचं आधी करा, मग हे वाचा.

माझ्याकडे पुंटो आहे, इंजिन तुमचंच. तेव्हा याला भारताचं राष्ट्रीय इंजिन म्हणायचे ते उगाच नाही. मारुती, टाटा, फियाट, ज्याला त्याला हेच लागायचं. २०२० मध्ये बीएस-सिक्स (धुराचे नवे कडक नियम) आलं आणि संपलं. असो.

मीटर बसवण्याआधी एक काम स्वस्तात होतं. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचायचं) लावायचा ब्लूटूथ डोंगल, इएलएम ३२७ नावाने मिळतो तो, आणि फोनवर एखादं साधं अ‍ॅप. त्यात ‘मॅनिफोल्ड प्रेशर’ घ्या. गाडीच्या सेन्सरला जे दिसतं तेच आकड्यात येतं. फक्त तो आकडा निरपेक्ष दाब असतो, म्हणजे बाहेरची हवा धरून. पुण्यात माझ्या गाडीला आयडलला ९५ किलोपास्कल दाखवतो. घाबरू नका, तो बूस्ट नाही, ती पुण्याची हवा. पूर्ण रेसला २०५ दिसला, तर २०५ उणे ९५ म्हणजे ११०, बूस्ट १.१ बार. सातारा पुण्यापेक्षा थोडं उंच, तुम्हाला सुरुवात ९३ च्या आसपास दिसेल. महाबळेश्वरला आणखी कमी. तुमचा काट्याचा मीटर ही वजाबाकी स्वतःच करतो, कारण त्याच्या मागच्या बाजूला भोवतालची हवाच असते.

डोंगल सॉकेटमध्ये विसरू नका. मी बारा दिवस गावाला गेले, परत आले तर सेंट्रल लॉकसुद्धा उघडेना. शेजारच्या आजोबांच्या अल्टोवरून जंप देऊन सुरू केली आणि त्यांनी महिनाभर सोसायटीत सांगितलं.

मग काट्याचा मीटर कशाला, असं तुम्ही विचाराल. खरं सांगू का, मलाही नंतर काट्याचाच हवासा वाटला. फोनवरचा आकडा अर्धा सेकंद उशिरा येतो. पायाखाली गाडी उठते त्याच क्षणी काटा उठतो, ती मजा आकड्यात नाही.

दिव्याची वायर कुठे जोडलीत? सिगारेट लायटरला असेल तर काढून पार्किंग लाइटच्या लाइनवर घ्या, म्हणजे रात्रीच लागेल. मधे २ अँपिअरचा फ्यूज टाका आणि तो जोडाच्या जवळ टाका, मीटरजवळ नाही. वायर घासली तर जोडापासून फ्यूजपर्यंतचा तुकडाच उघडा राहतो, तो जितका छोटा तितका बरा.

मधला_भाऊ, सातारा

लायटरलाच जोडली होती ताई. फ्यूज नाही. काढतो.

नळी मागवलीय, परवा येईल. तोवर गाडी दारात. बाबांना मी खरं काय ते सांगितलं. ते काही बोलले नाहीत, स्कूटर काढून बँकेत गेले. ते जास्त लागलं.

आता उद्यमनगरवाल्यांना प्रश्न. पाईप मग लावू कुठे? टर्बोजवळ एक बारीक रबरी नळी दिसते, टर्बोच्या तोंडाकडून एका छोट्या डबीकडे गेलेली. तिथे बूस्ट नक्की असणार ना? ४ मिमीचा टी आरामात बसेल.

उद्यमनगर_लेथ, कोल्हापूर

बूस्ट तिथे आहे, आणि हात तिथेही लावू नकोस.

ती डबी म्हणजे वेस्टगेटचा अ‍ॅक्च्युएटर. दाब ठरलेल्या मर्यादेला पोचला की त्या नळीतून डबीतला पडदा ढकलला जातो, दांडी हलते, झडप उघडते आणि जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला चुकवून निघून जातो. टर्बोचा लगाम आहे तो. तुझा टी तिथे गळला तर डबीला दाब कमी पोचणार, झडप उशिरा उघडणार आणि टर्बो हवा त्याहून जास्त फुगवणार. मीटर तुला खूप छान आकडे दाखवेल आणि इंजिनाची वाट लागेल. ब्रेकची चूक निदान पायाला कळली, ही कळायची पण नाही.

पुष्कळ लोक तिथेच लावतात, चालतं त्यांचं. मी लावत नाही.

मी काय करतो ते सांगतो. मॅनिफोल्डवर प्रेशर सेन्सर बसलेला असतो, पुंटोवाल्या ताई म्हणाल्या तो आकडा देणारा. तो सोडवायचा. त्याच्या खाली बसेल असा अ‍ॅल्युमिनियमचा छोटा ठोकळा बनवायचा. वरून सेन्सरचं नाक त्यात शिरतं, खालून ठोकळ्याचं नाक मॅनिफोल्डमध्ये शिरतं, दोन्हीकडे ओ-रिंग (गळती थांबवणारी रबरी कडी). बाजूने आडवं भोक पाडून त्यात पितळी निपल. जेवढी ठोकळ्याची उंची तेवढा स्क्रू आधीपेक्षा जास्त लांब घ्यायचा. कुठली नळी कापायची नाही, कशात टी नाही, आणि मन भरलं की ठोकळा काढून सेन्सर होता तिथे परत.

साताऱ्यातल्या कुठल्याही टर्नरला सेन्सर हातात नेऊन दाखव. फोटो दाखवू नकोस. माझ्याकडे रोज लोक फोटो घेऊन येतात आणि माप विचारलं की बोटं दाखवतात. सेन्सरच्या नाकावरच्या ओ-रिंगची खाच व्हर्निअरने मोजायला लाव. ओ-रिंग घट्ट पण चिरडत नाही अशी बसली पाहिजे, आणि भोकाच्या तोंडाला चांफर (कडेला तिरका उतार) मार म्हणाव, नाहीतर आत जाताना तीच धार ओ-रिंग कापते. सगळ्या कामात चुकतं ते एवढंच. माझी पहिली दोन चुकलीत.

निपलचं तोंड बाजूला किंवा वर ठेव, खाली नको. डिझेलच्या हवेत इंजिनाच्या ब्रीदरमधून (आतली वाफ बाहेर काढणारी नळी) आलेलं तेलाचं धुकं असतं. खाली तोंड असलं तर तेल पाईपमध्ये साठतं आणि हळूहळू तुझ्या मीटरपर्यंत येतं. ती मायक्रो ट्यूब पण काढ, उन्हातली प्लास्टिक आहे ती, एक्झॉस्टजवळ मऊ पडणार. ४ मिमीची सिलिकॉन नाहीतर डिझेलची रबरी नळी घे, दोन्ही टोकांना क्लिप मार. नुसती खोचलीस तर पहिल्याच चढाला निसटते.

आणि हो, बूस्टचा पाईप केबिनमध्ये आणलास ते चालतं, त्यात हवा आहे. पुढच्या महिन्यात तुला ऑइल प्रेशरचा मीटर घ्यावासा वाटणार, वाटतोच. तो असा पाईपवाला घेऊ नकोस, सेन्सर आणि वायरीवाला घे. निपल सुटलं तर गरम तेल मांडीवर येतं.

मधला_भाऊ, सातारा

अकरा दिवसांनी आलोय.

नवीन नळी टाकली. काकांची तपासणी तिन्ही प्रकारे केली. चालू करताना पेडल पायाखाली बसला तेव्हा बाबा शेजारी उभे होते. त्यांनी मला उठवून स्वतः एकदा करून बघितलं. रात्रभर गाडी ठेवून सकाळी बंद इंजिनात पहिला ब्रेक लोण्यासारखा.

ठोकळा एमआयडीसीत एका टर्नरकडून करून घेतला. सेन्सर नेला होता. त्याने आधी म्हटलं कशाला नसत्या भानगडी, मग चांफरचं सांगितलं तर चष्मा वर करून बघितलं आणि विचारलं, ‘कुठं शिकलास?’ मी म्हटलं कोल्हापुरात. चहा दिला त्याने.

सेन्सर काढला तेव्हा त्याचं नाक काळ्या चिकट काजळीने भरलेलं होतं. सेन्सर क्लीनर मारून, वाळवून बसवला. ठोकळ्याच्या सांध्यावर पांढऱ्या कापडाची पट्टी गुंडाळून दोन दिवस चालवली. तेलाचं धुकं असतं म्हणालात ना, म्हटलं गळत असेल तर कापड काळं होईल. कापड पांढरंच.

आयडलला काटा शून्य. यवतेश्वरला दुसऱ्या गिअरमध्ये १५०० ला पूर्ण रेस दिली. काटा आधी काहीच करत नाही, ०.२ वर रेंगाळतो, आणि १९०० च्या आसपास एकदम उठून १ च्या पुढे जातो. पाठीला धक्का बसायच्या एक निमिष आधी काटा उठतो. म्हणजे मला आता धक्का यायच्या आधी कळतं. फायदा काय विचाराल तर चढाला आधीच गिअर खाली टाकायला लागलोय, काटा झोपू देत नाही.

बाबांनी पहिल्या दिवशी विचारलं, ‘हे डिझेल किती उरलंय दाखवतं का?’ नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला.

एक बारीक तक्रार. २६०० च्या पुढे, दाब स्थिर असताना काटा थरथरतो, १ आणि १.१ च्या मधे पंख फडफडल्यासारखा. पाईपमध्ये स्टोव्हचा निपल बसवू का? आजीचा जुना स्टोव्ह माळ्यावर आहे.

उद्यमनगर_लेथ, कोल्हापूर

थरथर इंजिनाच्या हवा ओढण्याच्या ठोक्यांची आहे, बिघाड नाही. अडथळा टाकायची कल्पना बरोबर, पण आजीचा स्टोव्ह राहू दे. त्याचं भोक फार बारीक, तेलाने महिन्याभरात बुजेल आणि काटा आळशी होईल. भंगारात बाईकचा जुना कार्बोरेटर मिळेल, त्याचा मेन जेट काढ, एक मिमीच्या आसपास भोक असलेला. नळीत इंजिनाच्या बाजूला नाही, मीटरच्या बाजूला बसव, म्हणजे काढून साफ करायला परत उताणं पडावं लागणार नाही.